पॅनल, रेबेल, फाइलिट: जुन्या स्कॉटिश न्यायदप्तरातला आरोपी कसा वाचावा

एडिनबरोच्या फौजदारी दप्तरातल्या जुन्या नोंदी पहिल्यांदा वाचायला घेतल्या की चांगलं इंग्रजी येणाऱ्याचीच जास्त फसगत होते. शब्द ओळखीचे दिसतात. पॅनल म्हणजे पंचमंडळ, रेबेल म्हणजे बंडखोर, डिफेंडर म्हणजे बचाव करणारा, जस्टिफाय म्हणजे समर्थन करणं. यातला एकही अर्थ तिथे चालत नाही. पॅनल म्हणजे कोर्टापुढे उभा असलेला आरोपी. रेबेल हा अनेकदा कर्ज थकलेला साधा व्यापारी असतो. डिफेंडर म्हणजे दिवाणी दाव्यातला प्रतिवादी. आणि एखाद्याला 'जस्टिफाय' केलं असं लिहिलेलं असेल, तर त्या माणसाला देहदंड दिला गेला.

मोडी कागद वाचायला बसणाऱ्याला अग्रवादी म्हणजे वादी आणि पश्चिमवादी म्हणजे प्रतिवादी हे आधी शिकावं लागतं, मगच निवाडपत्र उलगडतं. स्कॉटलंडचं तसंच आहे. 1707 साली इंग्लंडशी एकत्र आल्यावरही स्कॉटलंडने आपला कायदा आणि आपली कोर्टं वेगळी ठेवली, आणि कायद्याची बोलीही. म्हणून लंडनच्या कोर्टाचे शब्द एडिनबरोला लावू नका.

नवख्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. त्या दप्तरात एकाच माणसाचं संबोधन वेळोवेळी बदलत जातं, आणि प्रत्येक शब्द तो माणूस त्या दिवशी प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर आहे एवढंच सांगतो. त्याने गुन्हा केला की नाही, हे फक्त शेवटचे एकदोन शब्द सांगतात. अनुवादात हे हुकलं, तर तीनचारशे वर्षांपूर्वी निर्दोष सुटलेल्या माणसाला आपण आज गुन्हेगार ठरवून बसतो.

पहिली पायरी: अक्षरं आणि तारीख

जुन्या स्कॉट्स लेखनात क्यू, यू, एच ही तीन अक्षरं एकत्र आली की उच्चार 'व्ह'सारखा करायचा. 'व्हिल्क' म्हणजे जो किंवा ज्या. बहुतेक नोंदी 'द व्हिल्क डे', म्हणजे 'ज्या दिवशी', अशाच सुरू होतात. क्रियापदाच्या शेवटी 'इट' असेल तर ते भूतकाळी किंवा कर्मणी रूप आहे: अक्यूझिट, कन्व्हिक्टिट. काही शब्दांत मधेच झेड दिसतो पण तो झेड नसतो. 'योख' नावाचं जुनं अक्षर छापखान्यात नव्हतं, म्हणून त्याच्या जागी झेड बसवला गेला. त्यामुळे निर्दोष सोडणं या अर्थाचा शब्द झेड घालून लिहितात आणि 'असॉइली' असा वाचतात.

'अम्व्हाइल' हा शब्द नावाच्या आधी आला तर तो माणूस मेलेला आहे, आपण 'कै.' लिहितो तसा. खुनाच्या नोंदीत मयत कोण आणि आरोपी कोण हे सर्वांत लवकर याच शब्दावरून कळतं, कारण एका दमात सहासात नावं आलेली असतात.

तारखेचं मात्र नीट बघा. 1600 पर्यंत स्कॉटलंडचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून मूळ नोंदीत जानेवारी 1590 असेल तर आपल्या हिशेबाने ते 1591. नॉर्थ बेरिकच्या चेटूक खटल्यांत ॲग्नेस सॅम्पसन हिचा खटला याच कारणाने कुठे 1590 चा तर कुठे 1591 चा म्हणून छापलेला दिसतो. चूक कोणाचीच नाही, पण टिपण करताना दोन्ही वर्षं तिरकी रेघ देऊन लिहावीत.

दुसरी पायरी: नावापुढचं 'ऑफ' की 'इन'

हे छोटं अव्यय आहे, पण पुष्कळ बोलतं. माणूस अमुक गावचा 'ऑफ' असेल तर ती जमीन त्याच्या मालकीची. 'इन' असेल तर तो तिथला कूळ किंवा रहिवासी. दोघांनाही मराठीत सरसकट 'अमुक गावचा' लिहिलं की जमीनदार आणि कूळ एका रांगेत येतात, आणि कोणाला जामीन मिळाला, कोण टोलबूथमध्ये, म्हणजे गावच्या कैदखान्यात, राहिला, यामागचं कारणच हरवतं.

बाईचं नाव वाचताना आणखी एक. लग्नानंतरही स्कॉटिश कागदात बाईचं माहेरचं आडनाव कायम राहतं. पुढे 'अमक्याची बायको' असं जोडलेलं असतं, आणि विधवा असेल तर 'रेलिक्ट'. नवऱ्याच्या आडनावाने शोधत बसाल तर ती सापडणार नाही.

तिसरी पायरी: आज तो कोणत्या टप्प्यावर आहे?

इथे घाई करू नका. सगळ्या शिकण्याचं मूळ इथेच आहे.

सुरुवात 'डिलेटिट' या शब्दाने होते. डिलेट करणं म्हणजे अधिकाऱ्यापुढे किंवा चर्चच्या सभेपुढे कोणाचं तरी नाव घेणं. आपण म्हणतो ना, 'त्याने चौकशीत हिचं नाव घेतलं', अगदी तेच. चेटकाच्या खटल्यांत या शब्दाने फार माणसं खाल्ली. गिलिस डंकन नावाच्या मोलकरणीचा छळ झाला, तिने नावं घेतली, त्या नावांनी आणखी नावं घेतली. एडिनबरो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 1563 ते 1736 या काळातल्या चेटकाच्या आरोपींची यादी केली तेव्हा 3,837 आरोपी सापडले. त्यातल्या 625 नोंदींत नावच नाही, 'काही बाया' असं काहीतरी लिहून ठेवलेलं. या यादीतला प्रत्येक जण शिक्षा झालेला नाही. तरी मराठी लेखांत 'चेटकिणींची संख्या' म्हणून हा आकडा येतो तेव्हा वाईट वाटतं. ते आरोपी होते, एवढंच म्हणता येतं.

पुढचा शब्द 'डिटे'. डिटे म्हणजे आरोपाचा मजकूर. फिरतं न्यायालय, ज्याला 'जस्टिस एअर' म्हणत, गावात येण्याआधी अधिकारी आसपासच्या लोकांकडून कोणाविरुद्ध काय तक्रार आहे ते गोळा करायचे. त्यातून हजर व्हायच्या लोकांची जी यादी बने तिला 'पोर्टियस रोल' म्हणत. यादीत नाव असणं म्हणजे बोलावणं, त्याहून जास्त काही नाही.

बोलावलं आणि माणूस आला नाही तर शिंग वाजायचं. हे मी शब्दशः सांगते आहे. मेसेंजर-ॲट-आर्म्स नावाचा कोर्टाचा अंमलदार बाजारातल्या मर्कॅट क्रॉसपाशी जायचा. एडिनबरोत हा खांब हाय स्ट्रीटवर सेंट जाइल्स चर्चला लागून आहे. तिथे तो तीनदा पुकारा करायचा, हुकूम मोठ्याने वाचायचा, शिंगाचे तीन फुंकार द्यायचा आणि हुकमाची प्रत क्रॉसला चिकटवायचा. त्या क्षणापासून तो माणूस 'ॲट द हॉर्न', म्हणजे 'शिंगावर', आणि राजाचा 'रेबेल'. त्याची जंगम मालमत्ता राजाकडे जमा. या जप्तीला 'एस्चीट' म्हणतात.

ही शिंगाची कारवाई दिवाणी कामातही तितकीच चालायची. सावकाराने हुकूम काढला, कर्जदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत, की शिंग. कायद्याचा विचार असा: कर्ज थकलं म्हणून कोणाला कैद करायची नाही, पण पैसे दे असा राजाचा हुकूम त्याने मोडला, म्हणून तो बंडखोर, आणि बंडखोराला कैद करता येते. म्हणून 'रेबेल' दिसला की लगेच तलवार घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणू नका. दोन ओळी खाली वाचा. रकमेचा आकडा, मर्क किंवा पौंड, दिसला तर तो बहुधा देणेकरी आहे. (रक्कम बघताना लक्षात ठेवा: सतराव्या शतकात बारा स्कॉटिश पौंड म्हणजे एक इंग्रजी पौंड.) हिशेब मिटला की 'रिलॅक्सेशन'चं पत्र निघायचं, आणि माणूस शिंगावरून उतरायचा. त्यात विश्रांतीचा काही संबंध नाही.

हजर झाला तर 'कम्पीअर' झाला. फौजदारी वहीत बहुधा 'इंट्रन' हा आखूड शब्द असतो: आत आला, दाखल झाला. इथून पुढे तो 'पॅनल'.

हा शब्द लॅटिनमधल्या कापडाच्या तुकड्यावरून आला. तुकड्यावर, पुढे चर्मपत्रावर, नावं लिहायची, म्हणून यादी. इंग्लंडमध्ये ती यादी ज्युरींची राहिली. स्कॉटलंडमध्ये ती आरोपींची झाली, आणि हळूहळू यादीत असलेल्या माणसालाच पॅनल म्हणू लागले. पुरुष असो, बाई असो, एक असो की चार, प्रत्येक जण पॅनल. अठराव्या शतकात हा शब्द दोन एन घालून लिहिलेला दिसेल, शब्द तोच. आज रोजच्या बोलण्यात तिथेही 'अक्यूझ्ड'च म्हणतात.

पॅनलला वकील देता येत असे; 1587 च्या कायद्यात तशी तरतूद आहे. पण स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देण्याची मुभा त्याला 1898 च्या कायद्याने मिळाली. त्याआधीच्या खटल्यात आरोपीचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल, तर अटकेनंतर शेरीफपुढे, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायाधीशापुढे, घेतलेलं त्याचं 'डिक्लरेशन' शोधा. साक्षीदारांचे प्राथमिक जबाब 'प्रीकॉग्निशन' या नावाने वेगळे ठेवलेले असतात. एकोणिसाव्या शतकातल्या गरीब माणसाचं बोलणं, त्याच्या घरातली भांडी, त्याचा रोजगार, सगळं तिथे भेटतं. मला या दप्तरातला सर्वांत मोलाचा कागद तोच वाटतो.

खटला उभा राहणं याला स्कॉट्समध्ये 'थोल ॲन असाइझ' म्हणतात. असाइझ म्हणजे ज्युरी, पंधरा जणांची. थोल म्हणजे सोसणं. ज्युरी सोसणं! ज्याचा खटला एकदा होऊन गेला त्याने 'आपण आपली असाइझ सोसलेली आहे' असं म्हटलं की त्याच आरोपावरून पुन्हा खटला भरता येत नसे. आपल्या 'सोसणे'मध्ये जे निमूटपण आहे ते या शब्दातही आहे, म्हणून मराठीत मी तो तसाच ठेवते.

एक वाक्य हातात घेऊन

हा नमुना शिकण्यासाठी मीच जुळवला आहे. नावं खोटी, साचा खरा:

'द व्हिल्क डे, इंट्रन जॉन अमका इन अमुकवाडी, डिलेटिट ऑफ एअर्ट अँड पेअर्ट ऑफ द क्रूअल स्लॉख्टर ऑफ अम्व्हाइल पॅट्रिक तमका ऑफ तमुकवाडी.'

सावकाश सोडवा. त्या दिवशी दाखल झाला: जॉन, अमुकवाडीतला कूळ. त्याच्यावर आळ आहे (सिद्ध काही झालेलं नाही) की पॅट्रिकच्या निर्दय हत्येत त्याचा हात होता. पॅट्रिक मयत आहे, आणि तो तमुकवाडीचा मालक. म्हणजे एका ओळीत आपल्याला कळलं की मेलेला जमीनदार होता आणि समोर उभा आहे तो कूळ. 'क्रूअल' हे विशेषण साच्यातलं आहे, जवळजवळ प्रत्येक हत्येला लावतात. त्यावरून क्रौर्याचा अंदाज करू नका.

चौथी पायरी: आरोपाचे शब्द

वरच्या वाक्यातला 'एअर्ट अँड पेअर्ट', म्हणजे 'आर्ट अँड पार्ट', सर्वांत महत्त्वाचा. बेत आखण्यात किंवा मदतीत वाटा असेल तर तो माणूस हात उचलणाऱ्याइतकाच जबाबदार. 14 मे 1752 ला ॲपिनच्या परिसरात कॉलिन कॅम्पबेल या सरकारी कारभाऱ्याला गोळी घातली. संशय ॲलन ब्रेक स्ट्युअर्टवर, पण तो निसटला. पकडला गेला जेम्स स्ट्युअर्ट, 'जेम्स ऑफ द ग्लेन'. त्याने गोळी झाडली असं आरोपपत्रही म्हणत नव्हतं. आरोप आर्ट अँड पार्टचा. इन्व्हररीला खटला चालला. न्यायासनावर कॅम्पबेल कुळाचा प्रमुख ड्यूक ऑफ आर्गाइल, आणि पंधरा ज्युरींतले अकरा कॅम्पबेल. 8 नोव्हेंबरला बॅलाहुलिशला त्याला फाशी दिली. हे तीन शब्द केवढं ओझं वाहतात हे इथे दिसतं, म्हणून त्यांना नुसतं 'सहआरोपी' म्हणू नये. 'हात असणे' किंवा 'सामील असणे' जवळचं.

बाकीचे भराभर सांगते. 'हेमसकन' म्हणजे माणसाला त्याच्या राहत्या घरात घुसून मारहाण. 'रिसेट' म्हणजे चोरीचा माल जाणूनबुजून घेणं. जुन्या कागदांत गुन्हेगाराला आसरा देण्यालाही रिसेटच म्हणतात. आग लावण्याला 'विल्फुल फायर-रेझिंग'. 'डिफोर्समेंट' म्हणजे कोर्टाच्या अंमलदाराला काम करू न देणं. असं झालं की तो आपली छडी मोडून तशी नोंद करायचा. हत्येत दोन प्रकार: 'फोरथॉट फेलनी', म्हणजे आधी ठरवून, आणि 'शोडमेला', म्हणजे रागाच्या भरात.

'हॅबिट अँड रिप्यूट' हे आरोपीच्या नावापुढे चिकटणारं वाईट लेबल. सराईत चोर म्हणून पंचक्रोशीत लौकिक असलेला, असा अर्थ. तो लौकिक स्वतःच शिक्षा वाढवायचा. नवलाची गोष्ट म्हणजे हेच शब्द लग्नालाही लागायचे. विधी न करता नवराबायको म्हणून राहणाऱ्या आणि लोकांतही तसाच लौकिक असणाऱ्या जोडप्याचं लग्न याच आधारावर ग्राह्य धरत, 2006 च्या कायद्याने ही वाट बंद होईपर्यंत.

पाचवी पायरी: निकाल

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या नोंदीत समासात किंवा शेवटी एकच शब्द असतो. 'फाइलिट' म्हणजे डागाळला, दोषी ठरला. 'क्लेंजिट' म्हणजे स्वच्छ झाला, सुटला. नोंद हातात आली की मी आधी हा शब्द शोधते. 'कम इन विल' असं असेल तर आरोपीने गुन्हा कबूल करून स्वतःला राजाच्या मर्जीवर सोपवलं.

'नॉट प्रूव्हन'ची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. सतराव्या शतकात अशी पद्धत पडली की ज्युरीने फक्त घडलेल्या गोष्टी शाबीत की नाशाबीत एवढंच सांगायचं. दोषी कोण ते न्यायाधीश ठरवणार. 1728 मध्ये फिनहेवनच्या जेम्स कार्नेगीचा खटला आला. दारूच्या बैठकीनंतरच्या भांडणात त्याने तलवार चालवली ती दुसऱ्या माणसावर, आणि मेला मधे पडलेला अर्ल ऑफ स्ट्रॅथमोर. वार झाला हे सर्वांनी पाहिलेलं. ज्युरी 'शाबीत' म्हणाली असती तर फाशी ठरलेली. तेव्हा ज्युरीने आपला जुना हक्क परत उचलला आणि निकाल दिला, 'नॉट गिल्टी'. पुढे दोन्ही शब्द टिकले, म्हणून स्कॉटलंडमध्ये तीन निकाल झाले: दोषी, निर्दोष आणि नाशाबीत. नाशाबीत माणूसही पूर्ण सुटायचा, त्याच्यावर पुन्हा खटला नसे. राहायची ती लोकांची कुजबुज. 2025 मध्ये स्कॉटिश संसदेने हा तिसरा निकाल रद्द करणारा कायदा मंजूर केला.

दोषी आणि नाशाबीत हे दोन्ही निकाल एका खोलीत बघायचे असतील तर 24 डिसेंबर 1828 चा खटला घ्या. पॅनल दोन: विल्यम बर्क आणि हेलन मॅकडूगल. माणसं मारून त्यांची प्रेतं शरीरशास्त्राच्या शाळेला विकल्याचं हे प्रकरण. बर्कचा जोडीदार विल्यम हेअर मात्र पॅनल नव्हता. तो 'सोशियस क्रिमिनिस', म्हणजे गुन्ह्यातला साथीदार जो सरकारचा साक्षीदार झाला. आपल्याकडे माफीचा साक्षीदार म्हणतात तोच. नाताळच्या सकाळी निकाल आला. बर्क दोषी, मॅकडूगलवरचा आरोप नाशाबीत. मारल्या गेलेल्या जेम्स विल्सनच्या आईने नंतर हेअरवर स्वतः खटला भरायचा प्रयत्न केला; कोर्टाने तो चालू दिला नाही.

सहावी पायरी: शिक्षेचे शब्द

शिक्षा म्हणजे 'डूम', आणि ती मोठ्याने उच्चारणारा 'डेम्पस्टर'. चेटकाच्या खटल्यात 'विरीट' दिसेल, त्याचा काळजीशी संबंध नाही. गळा आवळून, असा अर्थ, आणि पुढे बहुधा 'ब्रिंट', म्हणजे जाळलं. 'जस्टिफायिट'चा अर्थ वर आलाच. 'रिमिशन' म्हणजे राजाची माफी. 'असाइदमेंट' म्हणजे मयताच्या नातलगांना दिलेली भरपाई; ही मागण्याचा हक्क 1976 पर्यंत कायद्यात होता.

मराठीत उतरवताना

मी स्वतःपुरते काही नियम ठेवले आहेत. 'गुन्हेगार' हा शब्द फाइलिट दिसेपर्यंत वापरायचा नाही. डिलेटिटला 'नाव आलेला', पॅनलला 'आरोपी', शिंगावरच्याला प्रकरण पाहून 'फरारी' किंवा 'थकबाकीदार'. 'केशनर' (लिहितात कॉशनसारखं, वाचतात केशन) याला जुन्या मराठी अर्थाने 'जामीन', कारण आपल्याकडेही जामीन हा आधी माणूस होता: 'तो मला जामीन राहिला.' 'लॉबरोज' म्हणजे शेजाऱ्याला इजा करणार नाही म्हणून घेतलेली हमी. तिला 'मुचलका' चांगला बसतो. 'नॉट प्रूव्हन'ला मी 'नाशाबीत' लिहिते, 'पुराव्याअभावी सुटका' नाही, कारण ते वर्तमानपत्री भाषेत निर्दोष सुटकेचंच कारण होऊन बसलं आहे.

सुरुवात कुठून?

हस्तलिखितापासून करू नका. त्या काळची सेक्रेटरी लिपी स्वतंत्र शिकावी लागते. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट पिटकेर्न यांनी जुने फौजदारी खटले छापून काढले, ते वाचायला घ्या, आणि शेजारी स्कॉट्स भाषेचा ऑनलाइन शब्दकोश उघडा ठेवा. तो विनामूल्य आहे आणि त्यात दोन कोश एकत्र आहेत: 1700 पर्यंतच्या भाषेचा एक, त्यानंतरचा दुसरा. नोंद ज्या शतकातली, त्याच कोशातला अर्थ घ्या. वहीत प्रत्येक माणसासाठी चार रकाने करा: नाव, ऑफ की इन, आजचा टप्पा, निकाल. चौथा रकाना पुष्कळदा कोरा राहील, कारण कागद हरवले, 'डायट' म्हणजे सुनावणीची तारीख पुढे गेली, माणूस पळाला. कोरा राहिला तर कोराच ठेवा.